लोकरीच्या जत्रेत दोन विहिणी

लेकीकडे अमेरिकेला जाऊन आले की बॅग उघडताना शेजारपाजार जमतोच. चॉकलेटे, साबण, नातवंडांचे फोटो असा सगळ्यांचा अंदाज असतो. मी बॅग उघडली तर निम्म्या बॅगेत लोकर! शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, आपल्या गणपत गल्लीत लोकर मिळत नाही होय? एवढं विमानानं जाऊन लोकर आणलीत?"

मिळते की! गेली चाळीस वर्षे मी तिथूनच लोकर घेत आले आहे. रंग बघायचा, पन्नास ग्रॅमचे चार गुंडे घ्यायचे आणि घरी येऊन दहा नंबरच्या सुयांवर टाके घालायचे. ही लोकर कुठल्या मेंढीची, असे मी कधी विचारले नाही. विचारून उपयोगही नव्हता. 'बेबी वूल' म्हणून आपण जी घेतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते. मेंढीचा आणि तिचा संबंधच नाही. हे मला साठी उलटल्यावर, सातासमुद्रापलीकडच्या एका जत्रेत कळले. त्याच जत्रेत आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र माझ्याच घरच्या माळ्यावरची होती.

ही २०२४ च्या ऑक्टोबरमधली हकिगत. लेक आणि जावई न्यू जर्सीत, एडिसनला राहतात. नातवंडे सांभाळायला सहा महिने आम्ही आणि सहा महिने विहीणबाई, असा आमचा करार. त्या वर्षी तिकिटांचा मेळ चुकला आणि आम्ही दोघी तीन आठवडे एका घरात आलो. लेकीच्या पोटात गोळाच आला असणार!

आमचे भांडण नव्हते. पण मोकळेपणाही नव्हता. विहीणबाईंचे माहेर रायबाग तालुक्यातले, सासर गोकाकचे. त्या कानडीत बोलतात, मी मराठीत बोलते आणि दोघींना दोन्ही कळते. आपल्या भागात हे काही नवे नाही. भाषेवरून आमचे कधीच अडले नाही. अडले होते ते एका घोंगडीवरून.

थोरल्या नातवाचे बाळंतपण माझ्याकडे बेळगावला झाले. बारशाला विहीणबाई आल्या त्या एक काळी घोंगडी घेऊन. माहेरच्या गावी मुद्दाम सांगून विणून घेतलेली कंबळी. बाळाला पहिल्यांदा त्या कंबळीवर निजवायचे, अशी त्यांच्याकडची रीत. मी हात लावून पाहिला आणि चार बायकांसमोर पटकन बोलून गेले, "अगंबाई, हे टोचेल हो बाळाला!" घोंगडी तशीच घडी घालून माळ्यावर गेली आणि बाळ माझ्या हातच्या मऊ, गुलाबी ब्लँकेटवर निजले. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर सात वर्षे आमच्यात 'चहा घ्या', 'जेवण झालं का' याच्यापुढे बोलणे गेले नाही.

एका शनिवारी लेक म्हणाली, "आई, तुम्हा दोघींना एक गंमत दाखवते. लोकरीची जत्रा!" तिने तिकिटे आधीच काढून ठेवली होती. धाकट्या नातीला यंदाच्या थंडीसाठी स्वेटर विणायचा होताच. धपाटे आणि शेंगाची चटणी डब्यात भरून आम्ही पहाटे निघालो.

एडिसनहून उत्तरेला दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. ऑक्टोबरात तिथले मेपल आणि ओक पेटल्यासारखे लाल-पिवळे होतात. किंग्स्टनजवळ मोठा रस्ता सोडला की हडसन नदीवरचा लांबलचक पूल लागतो आणि पलीकडे राइनबेक नावाचे टुमदार गाव. तिथल्या जत्रेच्या मैदानावर दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी 'न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल' भरतो. भरवतात कोण, तर डचेस काउंटीतल्या मेंढपाळांची आणि लोकर-उत्पादकांची संस्था. २०२० साली कोरोनामुळे मैदान रिकामे राहिले, पुढच्या वर्षी लोक पुन्हा लोटले.

मैदानात पाऊल टाकले आणि पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती माणसांची अंगे! जो तो हातविणीचा स्वेटर घालून आलेला. बायका तर होत्याच, पण दाढीवाले बाप्येसुद्धा. या जत्रेसाठी म्हणून वर्षभर एक स्वेटर विणायचा आणि तो इथे घालून मिरवायचा, अशी तिथली पद्धत आहे. अनोळखी बायका एकमेकींना थांबवून "हा नमुना कुठला?" असे विचारत होत्या, बाही उलटी करून आतले टाके बघत होत्या. आपल्याकडे लग्नात पैठणीचा पदर उलटा करून बघतात ना, अगदी तसेच! माझ्या अंगातल्या स्वेटरच्या वेणीची नक्षीही एका बाईने बोटाने मोजून पाहिली, तेव्हा मला फार बरे वाटले.

दुकाने मोठमोठ्या शेडमध्ये मांडलेली. भिंतीभर लड्या टांगलेल्या. हळदी, शेंदरी, जांभळ्या, मोरपंखी. डोळे फिरले माझे! एका लडीवरची चिठ्ठी वाचली, तर १०० ग्रॅमला अठ्ठावीस डॉलर. मी मनातल्या मनात रुपये करते आहे तोवर शेजारून आवाज आला, "भाळ तुट्टी आत्री!" मी मान हलवली. एवढ्या वर्षांत आमचे एकमत झाले ते असे महागाईवर.

पण तिथली खरेदी शिकण्यासारखी आहे. विणणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते.

एक म्हणजे, तिथे लोकर वजनावर बघत नाहीत, लांबीवर बघतात. चिठ्ठीवर ग्रॅमबरोबर यार्ड लिहिलेले असतात. १०० ग्रॅमची बारीक लोकर ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर भरते, तर तेवढ्याच वजनाची जाड लोकर जेमतेम २०० यार्ड. बाईमाणसाच्या जाडसर स्वेटरला हजार-बाराशे यार्ड धरावे लागतात. दोन वर्षांच्या नातीला मध्यम जाडीची साडेचारशे यार्ड पुरेल, असा हिशेब दुकानातल्या बाईंनी लगेच करून दिला.

दुसरी गोष्ट, मऊपणा तळहातावर बघू नये, गळ्याला लावून बघावा. कामे करून आपले तळहात निबर झालेले असतात, त्यांना काहीच टोचत नाही. गळ्याची किंवा मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी खरे सांगते.

तिसरी गोष्ट धुण्याची. खरी लोकर मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. हे खवले रसायनाने कमी करून वर लेप दिला की ती मशीनमध्ये चालते; तिला 'सुपरवॉश' म्हणतात. नोकरी करणाऱ्या आईच्या लेकरासाठी विणायचे, तर हीच घ्यावी.

आणि चौथी, हाताने रंगवलेल्या दोन लड्या कधीच हुबेहूब एका रंगाच्या नसतात. म्हणून लागेल तेवढी लोकर एकदमच घ्यावी आणि विणताना दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या अशा घालाव्यात. म्हणजे पाठीवर पट्टा उठत नाही.

नातीसाठी मी हळदी रंगाच्या दोन लड्या निवडल्या. विहीणबाईंनी त्या गळ्याला लावून पाहिल्या, नातीच्या गळ्यालाही लावल्या आणि म्हणाल्या, "मेत्तग ऐती. तगोरी." मऊ आहे, घ्या. माझ्या हातच्या विणकामाबद्दल त्यांनी सात वर्षांत बोललेले हे पहिले वाक्य.

मग मेंढ्यांच्या गोठ्याकडे गेलो. ही जत्रा मला आवडली ती इथे. लोकर आणि मेंढी एकाच मैदानावर! आधी मेंढी बघायची, तिच्या धन्याशी बोलायचे आणि मग तिची लोकर घ्यायची. प्रत्येक जातीची मेंढी वेगळ्या कप्प्यात, वर नावाची पाटी. लांब कुरळ्या बटांची लिंकन, उभ्या कानांची बॉर्डर लेस्टर, ठेंगणी शेटलंड, आणि मऊपणात सर्वांवर ताण करणारी मेरिनो. मेरिनोचे या नदीशी जुने नाते आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ देणारे रॉबर्ट लिव्हिंग्स्टन पुढे फ्रान्समध्ये अमेरिकेचे वकील होते. त्यांनी १८०२ मध्ये तिथून मेरिनो मेंढ्या हडसनकाठच्या आपल्या क्लेरमाँटच्या शेतावर धाडल्या. ते शेत राइनबेकपासून उत्तरेला थोड्याच अंतरावर. १८०९ मध्ये त्यांनी मेंढ्यांवर पुस्तकही लिहिले. एवढा मोठा माणूस, पण मेंढीवर पुस्तक लिहिण्यात त्याला कमीपणा वाटला नाही!

एका कोपऱ्यात नुकत्याच कातरलेल्या, न धुतलेल्या लोकरीचे ढीग होते. विहीणबाई तिथे थबकल्या. वाकून मूठभर लोकर उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. तिच्या अंगचे तेल बोटांना लागले होते. "नम्म होलदाग कुरी कुंडरतिद्वु," त्या म्हणाल्या. आमच्या शेतात मेंढरं बसायची. मग त्या बोलतच राहिल्या. उन्हाळ्यात कुरुबरांचा कळप त्यांच्या वडिलांच्या रानात खतासाठी बसत असे. रातोरात रान काळे दिसायचे. मोबदल्यात वडील जोंधळा द्यायचे. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला सगळे मिळून जायचे. वर्षातून दोनदा लोकर कातरली जायची, म्हाताऱ्या बायका ती चालता चालता चरकीवर कातायच्या, आणि मागावर चढवण्याआधी त्या सुताला चिंचोक्याची खळ द्यायच्या. "म्हणून कंबळी ताठ असते," त्या म्हणाल्या, "पाऊस वरच्यावर घसरतो." हे शेवटचे वाक्य त्या मराठीत बोलल्या. ते माझ्यासाठीच होते.

पुढच्या दुकानात जाड, भरड सूत होते. काळे, तपकिरी, राखाडी. रंग न दिलेले, मेंढीच्या अंगचेच. 'नवाहो-चुरो' अशी पाटी. मी सवयीने एक लड गळ्याशी नेली आणि झटकन खाली घेतली. दुकानातली बाई हसली. लेकीने तिचे बोलणे आम्हाला सांगितले, ते असे : ही लोकर गळ्यासाठी नाहीच. ही जमिनीवर अंथरायला, घोड्याच्या पाठीवर घालायला, माग भरून जाजम विणायला. एकदा विणले की पिढ्यान् पिढ्या टिकते.

या मेंढीची कहाणी ऐकण्यासारखी आहे. स्पॅनिश लोकांबरोबर ती अमेरिकेत आली आणि नैऋत्येकडच्या नवाहो आदिवासींची झाली. त्यांच्या बायका तिच्या लोकरीची नामांकित जाजमे विणत. १९३० च्या दशकात चराई फार होते म्हणून सरकारने त्यांचे कळपच्या कळप कमी केले. मऊ लोकरीच्या जातींपुढे हिला कोणी विचारीना. १९७० च्या दशकात या जातीची काहीशेच मेंढरे उरली होती. १९७७ पासून लाइल मॅकनील नावाच्या प्राध्यापकांनी उरलेली मेंढरे शोधून, वाढवून ती परत नवाहो कुटुंबांकडे पोचवायला सुरुवात केली, म्हणून ती आज दिसते. अशा दुर्मिळ जातींसाठी २०१९ साली तिथल्या एका संस्थेने नामी युक्ती काढली. विणणाऱ्यांना पासपोर्टसारखी एक वही द्यायची. दुर्मिळ मेंढीची लोकर घेतली, तिचे काही विणले, की वहीत एक शिक्का. म्हणजे मेंढी वाचवायला दानधर्म नको, गिऱ्हाईक हवे!

विहीणबाईंनी चुरोची एक काळपट तपकिरी लड हातात घेतली. बराच वेळ बोटांवर फिरवली. "नम्म कुरी इद्दांग ऐती," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, "चुच्चतैती."

टोचते!

मला काय बोलावे सुचेना. लेक एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघत होती. सात वर्षे ज्या शब्दाची वाट मी पाहत होते आणि टाळत होते, तो त्या परक्या मैदानात समोर आला. मी म्हणाले, "विहीणबाई, मी तेव्हा चुकले. चार माणसांत बोलायला नको होतं." त्या म्हणाल्या, "बाळाला टोचतेच हो. खोटं नव्हतं ते. पण आधी एकदा निजवायचं, मग घडी घालायची." एवढेच. त्यांनी ती लड विकत घेतली. "याचं काय करणार?" मी विचारले. "नोडोणु," त्या म्हणाल्या. बघू.

मग गवतावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. आजूबाजूला सफरचंदाच्या रसातले गरम वडे, तळलेली आर्टिचोक यांच्यासाठी रांगा लागल्या होत्या. मेंढीच्या मटणाचाही ठेला होता. विहीणबाईंनी तिकडे पाठ केली. पण परत येताना गाडीत त्या जे म्हणाल्या ते मला पटले. मेंढी लोकरीसाठी ठेवली तर कळप जगतो. लोकरीला भाव नसला की मेंढी फक्त मटणाची उरते.

आपल्याकडे तेच झाले आहे. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर हीच आपल्या पठाराची लोकर. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २२ मायक्रॉनचा, ही त्याच्यापेक्षा बरीच जाड. स्वेटरला नाही, पण घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही. आज कातरायची मजुरीही सुटत नाही म्हणून कित्येक धनगर ती रानातच टाकून देतात. जतकडची माडग्याळ मेंढी अंगावर लोकर जवळजवळ धरतच नाही; ती मटणाला चांगली म्हणून कळपांत वाढते आहे. पट्टणकोडोलीला दसरा-दिवाळीच्या मधे विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. धनगरांचा बिरोबा तोच कुरुबरांचा बीरप्पा. तिथे भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवाला उधळायची ती वस्तू घरात मात्र आपल्याला टोचते. राइनबेकची जत्राही ऑक्टोबरातच भरते. तिथे लोकरीला मेंढीचे नाव असते, मेंढपाळाचे नाव असते, आणि भरड असली तरी तिचे काम काय ते सांगणारे कोणी असते. आमच्या घोंगडीलाही सांगणारे कोणी होते. मी ऐकून घेतले नव्हते.

त्या रात्री नातवंडे निजल्यावर लड्यांचे गुंडे करायला बसलो. लडीवरून थेट विणता येत नाही, गुंता होतो. विहीणबाईंनी दोन्ही मनगटांवर लड ताणून धरली आणि समोर बसून मी गुंडाळू लागले. एक लड व्हायला पाऊण तास लागतो, आणि दोघींना समोरासमोर बसावेच लागते. दोन लड्या झाल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. काय बोललो ते लिहीत नाही. निम्मे लेकीबद्दल होते, निम्मे जावयाबद्दल!

नोव्हेंबरात मी बेळगावला आले. पहिले काम केले ते माळ्यावर चढायचे. घोंगडी उलगडली. एका कोपऱ्याला कसर लागून बोटभर भोक पडले होते. लाज वाटली, पण फोटो काढून विहीणबाईंना पाठवला. उत्तर आले, "बिसलाग हाकरी."

चार दिवस गच्चीवर उन्हात घातली, काठीने झटकली. पुढच्या उन्हाळ्यात, २०२५ च्या मे महिन्यात, लेक मुलांना घेऊन सुटीवर आली. विहीणबाई गोकाकहून भेटायला आल्या. पिशवीतून चष्मा काढला, जाड सुई काढली आणि ती काळपट तपकिरी लड काढली. दुपारभर बसून त्यांनी भोक रफू केले. रंग जवळजवळ जमला आहे. नीट पाहिले तरच कोपरा वेगळा दिसतो.

संध्याकाळी घोंगडी ओसरीवर अंथरली. नातू आता आठ वर्षांचा. धावत येऊन तिच्यावर आडवा झाला आणि लगेच उठून बसला. "आजी, हे टोचतंय!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"टोचू दे," मी म्हणाले. "झोप जरा वेळ."